नोकरी चालू ठेवून छोटी शेती करायचीय? मग या क्रमाने जा

शहर सोडून कुठेतरी थोडी जमीन बघावी, तिथेच राहावं, लॅपटॉपवरची नोकरी चालू ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ शेतात घालवावी, असं वाटणारे खूप लोक आहेत आणि मला त्यात काहीही खुळचट वाटत नाही. जमतं हे. फक्त एक अट आहे, पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: मी सलग चार दिवस इकडे फिरकलो नाही तर काय होईल? रोप मरेल, की जरा मलूल होईल, की काहीच होणार नाही? पूर्णवेळ शेतकऱ्याला हा प्रश्न एवढा छळत नाही कारण तो तिथेच असतो, आपलं तसं नाही, आपली मीटिंग लांबते, अचानक बाहेरगावी जावं लागतं आणि नेमकं त्याच आठवड्यात ऊन तापतं. म्हणून जमीन, पाणी, पीक, जनावर, अवजार, सगळं याच प्रश्नावर ठरवायचं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, त्यामुळे प्लीज मधल्या पायऱ्या गाळून थेट कोंबड्यांवर जाऊ नका.

१. आधी तास मोजा, जमीन नंतर

दोन आठवडे रोज रात्री लिहून ठेवा, आज नोकरीला किती वेळ गेला, प्रवासात किती, घरकामात किती, आणि खरोखर मोकळा असा किती उरला. "वीकेंडला तर सगळा वेळच आहे" असं बोलायला सोपं असतं, लिहायला घेतलं की कळतं शनिवारचा अर्धा दिवस बाजारहाट आणि कपड्यांत जातो. जो आकडा निघेल त्याचा निम्मा शेतीला मिळेल असं धरा, कारण उरलेल्या निम्म्यात आजारपण, पाहुणे आणि झोप आहे.

मग शेतीच्या कामांचे दोन ढीग करा. एक, जे पुढे ढकलता येतं: कुंपण दुरुस्ती, खताचा ढीग हलवणं, छाटणी, अवजारांना धार लावणं. दुसरा, जे ढकलता येत नाही: कडक उन्हात कोवळ्या रोपांना पाणी, जनावरांचं खाणंपिणं, तोडणीला आलेला माल. नोकरदाराची शेती कोलमडते ती नेहमी दुसऱ्या ढिगामुळे. आठवड्याला दहा तास असले तरी ते शनिवार-रविवारी एकगठ्ठा असतील तर रोजच्या वीस मिनिटांच्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

सुरुवात किती जागेत करायची? माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी १०० चौरस मीटर, म्हणजे १० बाय १० मीटरचा तुकडा. जमीन एकरभर असली तरी लागवड एवढीच. हे वाचून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो पण एवढ्या जागेतली खुरपणी, पाणी आणि तोडणी एकट्याने नोकरी सांभाळून केली की मगच कळतं आपला आवाका काय आहे.

२. घरचे आणि ऑफिस

घरच्यांशी बोलणं म्हणजे "मला शेती करायचीय" एवढं सांगून मोकळं होणं नव्हे. नेमकं बोला. मंगळवारी संध्याकाळी माझा कॉल असेल तेव्हा खुराड्याचं दार कोण लावणार? पावसाळ्यात चिखलाचे कपडे कोण धुणार? मुलांची शाळा, जवळचा दवाखाना, वयस्कर आईवडील, यातल्या कुणाला हे नको असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. जोडीदाराला शेतीत रस नसला तरी चालतं, पण त्याच्या वाट्याला न विचारता रोजचं काम आलं की सहा महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते आणि त्यात शेतीचा काही दोष नसतो.

ऑफिसचं दुसरं. नोकरीचा करार काढून नीट वाचा, दुसऱ्या उत्पन्नाबद्दल किंवा कामाच्या ठिकाणाबद्दल काय लिहिलंय ते बघा. स्वतःपुरता भाजीपाला लावणं आणि विक्री करून पैसे कमावणं या दोन्हीकडे कंपनी वेगळ्या नजरेने बघू शकते, तेव्हा लागणारी परवानगी लेखी घेऊन ठेवा. आणि गाव गाठून तिथून काम करणार असाल तर घर ठरवण्याआधी त्याच घरात बसून एक पूर्ण कामाचा दिवस काढा, व्हिडिओ कॉलसकट. डाउनलोडचा स्पीड सगळे बघतात, कॉलला अपलोडही तेवढाच लागतो. वीज गेल्यावर राउटर आणि लॅपटॉप किती वेळ चालतात, मुसळधार पावसात सिग्नल राहतो का, हेही बघायचं. नोकरी हेच पहिल्या काही वर्षांत शेतीचं खरं भांडवल आहे, ती डळमळली की शेतीही जाते.

३. जागा: आधी खंडाने, मग विकत

शक्य असेल तर एक पूर्ण वर्ष जमीन भाड्याने किंवा खंडाने (वर्षाला ठरावीक रक्कम किंवा माल देऊन) घ्या. एका वर्षात सगळे ऋतू दिसतात. पाऊस पडल्यावर पाणी कुठून कुठे वाहतं, कुठे आठवडाभर साचून राहतं, कडक उन्हात विहिरीचा तळ दिसतो का, थंडीत खोलगट भागात गारठा कसा जमून बसतो (थंड हवा जड असते, ती उताराने खाली उतरते आणि तिथली नाजूक पिकं सगळ्यात आधी कोमेजतात), हे एका रविवारच्या फेरीत कुणालाच दिसत नाही.

अंतराचा हिशोब तर वहीवर करून बघाच. शेत घरापासून एक तासावर असेल आणि आठवड्यातून चार चकरा होत असतील तर आठवड्याला आठ तास नुसते रस्त्यावर, वर्षाचे ५० आठवडे धरले तर ४०० तास, म्हणजे आठ तासांचे ५० कामाचे दिवस गाडीत बसून. म्हणून लांबची मोठी स्वस्त जमीन आणि जवळची छोटी महाग जमीन यात मी डोळे झाकून जवळची घेईन. पायी जाता येण्यासारखी असेल तर सोनंच, कारण मग सकाळच्या चहाआधी एक फेरी मारून होते आणि निम्मे प्रॉब्लेम तिथेच दिसतात.

विकत घ्यायची वेळ आली की या गोष्टी कागदावर बघा, तोंडी नकोत: रस्ता कायदेशीर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर आहे, हद्द मोजलेली आहे का, पाणी वापरायचा हक्क कुणाचा, त्या जमिनीवर शेड किंवा घर बांधता येतं का, आणि आधी तिथे काय व्हायचं. कारखान्याचा कचरा, जुनं गॅरेज, वर्षानुवर्षं तणनाशकाची फवारणी असं काही असेल तर मातीची तपासणी आधी आणि पैसे नंतर. कागद स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नको. आणि शेजारच्या शेतकऱ्याकडे तासभर बसा. कुठलं पाणी कधी आटतं, कुठली कीड कधी येते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, फक्त आपण शिकवायला आलोय अशा थाटात जाऊ नका.

४. माती हातात घ्या

माती बघायला लॅब लागतेच पण त्याआधी घरच्या घरी बरंच कळतं. एक सरळ उभी काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती (खडे, मुळं काढून), वर पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, बरणीवर पेनने रेघ मारा. पुढच्या दोन तासांत तिच्यावर बसतो तो बारीक गाळ, पुन्हा रेघ. आणि एक-दोन दिवसांनी पाणी बऱ्यापैकी निवळलं की सगळ्यात वरचा थर चिकणमातीचा. तीन थरांची जाडी मोजली की तुमच्या मातीत काय किती आहे ते समोर दिसतं. हे करायला ऑफिसच्या दिवशीही वेळ मिळतो, बरणी टेबलावर पडून राहते.

दुसरी टेस्ट हाताची. ओलसर माती अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबून पट्टी काढत जायची. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर माती हलकी किंवा पोयट्याची (वाळू, गाळ आणि चिकणमाती मिसळलेली), पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली तर भारी चिकण. हे आपल्या चार दिवसांच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे, चिकणमाती ओल धरून ठेवते त्यामुळे चार दिवस सहज निघतात पण पावसात तिच्यात पाय घालता येत नाही, वाळूची माती कधीही खणा पण उन्हात दुसऱ्याच दिवशी कोरडी.

निचरा बघायला ३० सेंटीमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरून तासाला किती सेंटीमीटर उतरतं ते पट्टीने मोजा. अडीच ते साडेसात सेंटीमीटर म्हणजे चांगलं. त्याहून फारच कमी असेल तर गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) करावे लागतील.

लॅबसाठी नमुना घेताना एकाच जागची माती उचलू नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटीमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची पातळ कापटी घ्यायची, सगळी घमेल्यात मिसळायची, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. रिपोर्टमध्ये पीएच (माती किती आंबट किंवा खारी याचा आकडा) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्यांना चालतं.

५. पाणी, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते नोकरदाराच्या शेतीत पहिला मोठा खर्च पाण्यावर व्हायला हवा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात भरात आलेल्या भाजीला दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर लागतं, म्हणजे १०० चौरस मीटरला ५०० ते ६०० लिटर. १००० लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही! चार दिवस बाहेर राहायचं तर दोन-अडीच हजार लिटरची सोय हवी, नाहीतर टाकी आपोआप भरेल असा फ्लोट व्हॉल्व्ह. ड्रिप (नळीतून थेंब थेंब पाणी, म्हणजे ठिबक) आणि आच्छादन (मातीवर पसरलेला पेंढा-पालापाचोळा) असेल तर गरज बरीच खाली येते, पण टाकी ठरवताना वाईट दिवसाचाच आकडा धरा. आणि १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, टाकीखालचा ओटा भक्कम पाहिजे, चार विटा रचून त्यावर टाकी चढवू नका.

छपराचं पाणी धरता आलं तर बघा, १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० लिटर होतात, गळती-उडती वजा जाता ८०० हाताशी लागतात.

ड्रिपसाठी टायमर घ्या, पण घेताना एक गोष्ट दुकानदार बहुतेक सांगत नाही ती नीट समजून घ्या. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं माप). म्हणजे दीड मीटर उंच ओट्यावरच्या टाकीतून तुम्हाला जेमतेम ०.१५ बार मिळतो. नळाला लावायचे बॅटरीवरचे बरेचसे टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकाने उघडणारा झडप) असतात आणि ते उघडायलाच याच्यापेक्षा कितीतरी जास्त दाब लागतो, त्यामुळे होतं असं की ठरल्या वेळी टिक् असा आवाज येतो, लाइट लागते आणि नळीत पाणीच येत नाही. टाकीवरून गुरुत्वाने पाणी द्यायचं असेल तर मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्हचा (छोट्या मोटरने फिरून उघडणारा), शून्य दाबावर चालणारा टायमर मागा. ड्रिपरचंही (ज्यातून थेंब पडतो तो छोटा तुकडा) तेच, दाब एकसारखा राखणारे भारीतले ड्रिपर कमी दाबावर नीट चालत नाहीत, तिथे साधे ड्रिपर आणि आखूड लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) बऱ्या.

सगळं जोडून झालं की पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडी ठेवा आणि १५ मिनिटं पाणी सोडा. दाब पुरेसा असेल तर तासाला २ लिटरच्या ड्रिपरने अर्धा लिटर दिला पाहिजे, टाकीच्या कमी दाबावर त्याहून कमी येईल, तिथे तिन्ही भांड्यांत सारखं येतंय का ते बघा. शेवटच्या भांड्यात पहिल्याच्या निम्मंच असेल तर लॅटरल लांब झालीय किंवा कुठेतरी कचरा अडकलाय. स्क्रीन फिल्टर (पाणी गाळणारी जाळी) दर आठवड्याला उघडून धुवायचा, आणि महिन्यातून एकदा लॅटरलची टोकं उघडून पाणी जोरात वाहू द्यायचं, पहिल्यांदा जो गढूळ लाल-काळा गाळ बाहेर येतो तो बघितला की हे काम कधी टाळावंसं वाटत नाही. आणि चार दिवस बाहेर जायच्या आधी दोन दिवस टायमर आपल्या डोळ्यांदेखत चालू द्या, निघायच्या सकाळी बसवून जाऊ नका.

६. पहिला वाफा, कमीत कमी खणून

तणवाल्या पडीक जमिनीला कुदळ लावायची घाई नको. काळी जाड ताडपत्री किंवा सायलेजचं (मुरवलेला चारा झाकायचं) प्लास्टिक ओल्या जमिनीवर अंथरा, कडा मातीने किंवा दगडांनी दाबा आणि उबदार दिवसांत चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. खाली ऊब आणि ओल मिळून तणाचं बी उगवतं आणि उजेड न मिळाल्याने मरतं. तेवढ्यात तुम्ही ऑफिसला जाऊन या. हरळी किंवा लव्हाळ्यासारखं खोल मुळाचं, गाठींचं तण एवढ्याने जात नाही, तिथे जास्त महिने झाकावं लागतं आणि वर आलेला प्रत्येक कोंब काढत राहावं लागतं.

ताडपत्री काढल्यावर वर कुजलेल्या खताचा थर, त्यात रोपं, आणि मोकळ्या जागेवर ७ ते १० सेंटीमीटर जाड आच्छादन, वाळलेलं गवत, पालापाचोळा, पेंढा, जे मिळेल ते. खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आच्छादनाने ओल टिकते आणि खुरपणी एकदम खाली येते. तरी जे तण उगवेल ते धाग्याएवढं असतानाच सायकल कोळप्याने (चाकावर ढकलत तण कापायचं अवजार) किंवा खुरप्याने काढायचं, उन्हाच्या दिवशी, म्हणजे जागच्या जागी वाळतं. फुलावर आलेलं तण दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं.

खत घरी करायचं तर पद्धत आपल्या आठवड्याला जमेल अशी निवडा. अठरा दिवसांत खत देणारी गरम पद्धत आहे पण त्यात ढीग दर दुसऱ्या दिवशी पलटावा लागतो, नोकरीवाल्याला कुठून जमणार. त्यापेक्षा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेली पद्धत, जिला इंदूर पद्धतच म्हणतात, ती बरी, त्यात साधारण तीन महिन्यांत ढीग मोजून तीन वेळा पलटायचा असतो, तीन रविवार बास. ढीग निदान एक मीटर लांब-रुंद-उंच हवा, नाहीतर आत ऊब धरत नाही. वाळका पाला दोन-तीन घमेली, तर ओला कचरा किंवा शेण एक घमेलं असं धरा. मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दोन थेंब यावेत एवढीच ओल. वास मारायला लागला तर वाळका पाला वाढवा, नुसताच पडून राहिला तर पाणी आणि ओला माल. ताजं शेण किंवा कोंबडखत मात्र कच्च्या खायच्या भाजीला घालू नका, घालायचंच तर काढणीच्या निदान चार महिने आधी मातीत मिसळलेलं हवं, त्यातल्या जंतूंनी माणूस आजारी पडू शकतो.

अवजारं: फावडं, कुदळ, खुरपं, दाताळं, विळा, घमेलं, एक चांगली हातगाडी आणि सायकल कोळपं. ट्रॅक्टर, पॉवर टिलर लागला तर भाड्याने बोलवा.

७. पीक निवडताना तोडणी बघा

नवीन माणूस पीक निवडतो ते आवडीने किंवा भाव बघून, आपण बघायचं ते पीक किती थांबू शकतं. भेंडी, काकडी, गवार, कोवळ्या शेंगा यांना एक-दोन दिवसाआड तोडावंच लागतं, भेंडी तीन दिवस राहिली की तिचं लाकूड होतं, आणि जून फळं झाडावर राहिली की नवीन फूल लागणं मंदावतं. उलट बटाटा, कांदा, लसूण, रताळं, आलं, हळद, भोपळा, वाळवायचे घेवडे-वाल हे सगळे तुमच्या रविवारची वाट बघतात. पहिल्या वर्षी पाऊण जागा या थांबणाऱ्या पिकांना द्या आणि पाव जागा घराच्या अगदी जवळ रोजच्या तोडणीच्या भाज्यांना. हौसेला जागा ठेवा, पण मापात.

आता ऑफिसचं कॅलेंडर आणि पिकाचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या कामात वर्षअखेर, परीक्षा, ऑडिट, सीझन असं जे काही धावपळीचं असेल त्या आठवड्यांत काढणी येता कामा नये. बटाट्याला ९० ते १२० दिवस लागतात, तर कामाचा धुमाकूळ संपल्यानंतरची तारीख धरून तिथून मागे मोजत या आणि तुमच्या हवामानात त्या तारखेला लागवड बसते का बघा. बसत नसेल तर त्या वेळी वाफा ताडपत्रीखाली किंवा हिरवळीच्या खताखाली (मातीत गाडायला पेरलेलं हिरवं पीक) झाकून ठेवा, रिकामं ठेवण्यात काही कमीपणा नाही.

बियाणं एकदम सगळं पेरू नका. मुळा, पालेभाजी असं काही असेल तर दर दोन आठवड्यांनी एक ओळ. आणि पहिली दोन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं रोपवाटिकेतून विकत आणा, कोवळी रोपं वाढवणं हे रोज दोनदा बघायचं काम आहे.

फळझाडं पहिल्या वर्षी लावू नका असं मी सांगतो, आणि हे लोकांना पटत नाही कारण झाडाला वेळ लागतो म्हणून ते आधी लावावंसं वाटतं. पण पाणी कुठे साचतं, सावली कुठे पडते हे कळल्याशिवाय लावलेलं झाड पाच वर्षांनी चुकीच्या जागी उभं असतं आणि ते उचलून हलवता येत नाही. दुसऱ्या वर्षी लावा. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, रुंद मात्र दुप्पट, आणि पहिले दोन उन्हाळे पाण्याची पक्की सोय.

८. जनावरं, घाई न करता

एक वर्ष भाजीपाला नीट झाला, कुंपण झालं, पाणी आपोआप चालतंय, मग जनावर. जिवंत प्राणी आहे तो, त्याच्या बाबतीत "आज नाही जमलं" असं नसतंच.

दुभती गाय, म्हैस, शेळी सुरुवातीला नकोच. धार दिवसातून दोनदा, वेळेवर, सुट्टी नाही. शेळी घ्यायचीच म्हटली तर एकटी ठेवू नका, कळपातला प्राणी आहे, एकटी असली की ओरडून ओरडून खंगते. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, तर व्यायची तारीख तुमच्या सुट्टीत बसवता येते, एवढाच त्यातला दिलासा.

कोंबड्या बऱ्या, चार-सहाच घ्या. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य आणि पाव लिटर पाणी लागतं, उन्हात पाणी बरंच जास्त. एक दिवसाची पिल्लं आणू नका, त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची, आणि त्यावर सतत लक्ष. अंड्यावर यायच्या बेतातल्या तलंगा (तरुण कोंबड्या) घ्या. खुराड्याला षटकोनी भोकांची कोंबडीजाळी लावतात ती कोंबड्यांना आत ठेवते पण मुंगसाला, कुत्र्याला, रानमांजराला बाहेर ठेवत नाही, त्याला अर्धा इंची वेल्डेड जाळी हवी आणि तीही कडेने जमिनीत हातभर गाडलेली. संध्याकाळी दार लागलं पाहिजे म्हणजे पाहिजेच. अंधार पडायला कोंबड्या स्वतःच आत जातात, दांडीवर जागेसाठी थोडी ढकलाढकल होते, मग शांत. तुमचा कॉल नेमका तेव्हाच असतो, म्हणून उजेडावर बंद होणारं आपोआप दार बसवा. पण पहिले काही आठवडे टॉर्च घेऊन स्वतः मोजायला जा, एखादी बाहेरच राहून गेलेली असते.

मधमाश्या नोकरदाराला चांगल्या जमतात. फुलोऱ्याच्या हंगामात पेटी ७ ते १० दिवसांनी उघडून बघायची असते, म्हणजे दर रविवार. त्याहून उशीर नको कारण राणीची कोठडी (नवी राणी वाढते तो कप्पा) अंडं घातल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी बंद होते आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास नवी राणी बाहेर येते, तोवर अर्धं मोहोळ उठून गेलेलं असू शकतं. आधी कुणाबरोबर तरी एक हंगाम काम करा, आणि घरात कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का हे डॉक्टरकडून खात्री करून घ्या.

९. पैसे

तीन वेगळे डबे करा: एकदाच होणारा खर्च (टाकी, ड्रिप, कुंपण, शेड), दर हंगामाचा (बियाणं, खत, मजुरी, डिझेल) आणि अडीअडचणीचा. तिसऱ्या डब्याला पहिल्या दोन डब्यांसाठी हात लावायचा नाही. पहिली दोन-तीन वर्षं शेतीतून निव्वळ काही हातात येणार नाही असंच धरून घरखर्च आखा. कर्ज काढून सुरुवात नको, पगार आहे तर दर महिन्याला जमेल तेवढंच वाढवा. सगळ्या बिलांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कराच्या वेळी लागतात.

विक्री आधी उरलेल्या मालाची. ऑफिसातले लोक हे नोकरदाराचं तयार गिऱ्हाईक आहे, ऑर्डर आधी घ्यायची आणि तेवढंच काढायचं. पालेभाजी ऊन चढायच्या आत काढा, गार पाण्यात बुडवून निथळवा आणि सावलीत ओल्या कापडाखाली ठेवा, दुपारी काढलेली भाजी संध्याकाळी मान टाकते. एखाद्या आठवड्यात माल नसेल तर आदल्या दिवशीच कळवा.

१०. शरीर

धनुर्वाताची लस घेतली आहे का बघा, प्रौढांना दर १० वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात, आणि मातीत काम करताना हाताला काही ना काही लागतंच. दिवसभर खुर्चीत बसलेली पाठ शनिवारी अचानक पन्नास घमेली उचलायला तयार नसते, तेव्हा काम पाळीपाळीने बदला. दुपारच्या उन्हात नको. गवतात जाताना बूट, अंधारात टॉर्च. आणि हे मी कळकळीने सांगतोय: विहिरीत, बंद टाकीत, शेणाच्या खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नका, आत विषारी वायू असतो किंवा प्राणवायू नसतो आणि वास न येताच माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. कापणीचं यंत्र किंवा करवत चालवणार असाल तर घरी कुणाला तरी वेळ सांगून जा.

११. तुम्ही नसताना कोण

जवळपासचा एक माणूस आधीच जोडून ठेवा आणि तुम्हाला कुठेही जायचं नसताना त्याला एकदा सगळं एकट्याने करू द्या, तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. तो जिथे अडखळला तिथे तुमची सोय कमी पडतेय असं समजा. मुख्य व्हॉल्व्ह कुठला, टायमर बंद पडला तर हाताने पाणी कसं सोडायचं, किती मिनिटं, खाद्य कुठे आहे, किती मापं, कोंबड्या किती, दार किती वाजता बंद होतं, डॉक्टर आणि पशुवैद्य यांचे नंबर, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. व्हॉल्व्हवर रंगाने खुणा करा, उघडा कुठल्या बाजूला आणि बंद कुठल्या बाजूला. फोनवरून रोज दहा वेळा विचारू नका, संध्याकाळी एक फोटो पाठवायला सांगा, टाकीची पातळी आणि खुराडं दोन्ही त्यात दिसेल असा. त्या दिवसांत तोडणीला आलेला माल त्याचा, हे आधीच सांगून टाका, आणि मजुरी ठरली असेल तर परत आल्या दिवशीच द्या.